मागून येणाऱ्याला कळवायचं कसं?

बंगळुरूहून पुण्या-मुंबईकडे जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग ४८ वर रात्री एखाद्या ट्रकचा पाटा तुटला किंवा एक्सल गेला, की क्लीनर आधी फांदी तोडायला धावतो. गाडीच्या मागे रस्त्यावर फांदी, तिच्यापुढे दोनचार दगड, बॅटरीत दम असेल तर इंडिकेटर चालू. परावर्तक त्रिकोण नियमात आहे; रस्त्यावर बहुतेकदा फांदीच दिसते. आता हिशेब करून पाहा. ताशी ६० च्या वेगानं येणारी भरलेली गाडी सेकंदाला जवळजवळ १७ मीटर कापते. शंभर मीटरवरून फांदी दिसली तर मागच्या ड्रायव्हरला सहा सेकंद मिळतात. हीच खबर त्याला तीन किलोमीटर आधी मिळाली तर तीन मिनिटं. ट्रकमध्ये सिटिझन्स बँडचा, म्हणजे सीबीचा रेडिओ बसवावा की नाही, या प्रश्नाचं माझ्या मते एवढंच मोल आहे. १९७३ च्या तेलटंचाईनंतर अमेरिकी ट्रकवाल्यांनी पंप कुठे उघडा आहे आणि पोलिस कुठे दबा धरून आहेत हे सांगायला सीबी वापरला, त्यावर गाणी आणि सिनेमे निघाले. ती हौस आपल्याला नको. आपल्याला हवं आहे ते फांदीचं काम तीन किलोमीटर मागे नेणारं साधन.

कायद्याची आडकाठी आहे असा समज अजून पक्का आहे, पण तो जुना झाला. २००५ पासून भारतात २६.९५७ ते २७.२८३ मेगाहर्ट्झ हा पट्टा कमी शक्तीच्या संचांसाठी परवानामुक्त आहे. मर्यादा पाच वॅट प्रभावी शक्तीची. परवाना लागत नसला तरी संचाला दूरसंचार खात्याच्या वायरलेस शाखेची मंजुरी लागते, आणि गोम तिथेच आहे. परदेशी बनावटीच्या संचावर ४० चॅनेल असतात. त्यांतला २७ वा चॅनेल २७.२७५ मेगाहर्ट्झवर बसतो, २८ वा २७.२८५ वर. म्हणजे २८ पासून ४० पर्यंतचे तेरा चॅनेल आपल्या पट्ट्याबाहेर पडतात आणि तिथे बटण दाबणं बेकायदा ठरतं. पाच वॅटची मर्यादा अँटेना धरून मोजायची असते, म्हणून मंजुरीच्या कागदावर संचाबरोबर कोणती अँटेना गृहीत धरली आहे हे पाहूनच खरेदी करावी. दुसरी अट कुणी फारशी वाचत नाही: आपण कुणाला अडथळा आणायचा नाही, आणि आपल्याला आला तर संरक्षण मागायचं नाही. याला कारण आहे. नेमका हाच पट्टा २७.१२ मेगाहर्ट्झभोवती जगभर कारखान्यांच्या यंत्रांसाठीही ठेवलेला आहे. प्लॅस्टिकचे पत्रे उच्च वारंवारतेनं जोडणारी यंत्रं याच पट्ट्यात चालतात. तेव्हा तुमकूर रस्त्यावर पीण्यासारखी औद्योगिक वसाहत ओलांडताना रेडिओत खरखर आली तर संच बिघडला असं समजून गॅरेज गाठू नये.

बसवण्यात लोक पैसा संचावर घालतात आणि अँटेनावर वाचवतात. करायला हवं उलट. या वारंवारतेच्या लहरीची लांबी अकरा मीटर, तिचा चौथा हिस्सा पावणेतीन मीटर. एवढी काठी केबिनवर उभी केली तर झाडं, तारा आणि पंपाची छपरं तिला आठवडाभरही टिकू देणार नाहीत. म्हणून बुडाशी वेटोळं असलेली मीटर-सव्वा मीटरची अँटेना आरशाच्या ब्रॅकेटवर लावतात. अशा अँटेनाला खाली धातूचं मोठं अंग लागतं, नाहीतर अर्धी शक्ती वायाच जाते. आपल्याकडच्या पुष्कळ जुन्या ट्रकांची केबिन बॉडीवाल्याकडे लाकूड आणि प्लायवूडमध्ये बांधलेली असते, वर पातळ पत्रा. तिथे ब्रॅकेटपासून चॅसिसपर्यंत तांब्याची विणलेली जाड पट्टी, रंग खरवडून, नटबोल्टनं आवळून घ्यावी लागते. मोठ्या ट्रकची वीज २४ व्होल्टची, संच १२ व्होल्टचा. दोन बॅटऱ्यांपैकी एकीवरूनच १२ व्होल्ट काढून घेण्याची युक्ती सर्रास चालते. त्यात एक बॅटरी उपाशी राहते, दुसरी जास्त चार्ज होऊन लवकर मरते. २४ चे १२ करणारा कन्व्हर्टरच हवा, फ्यूज बॅटरीजवळ, आणि कन्व्हर्टर फार स्वस्तातला नको, कारण तो स्वतःच याच पट्ट्यात गोंगाट करतो. शेवटी परतणाऱ्या लहरींचं माप, एसडब्ल्यूआर, तपासायचं: परदेशी पुस्तिका सांगते तसं १, २० आणि ४० या चॅनेलांवर नव्हे, तर १, १४ आणि २७ वर. आकडा १ वर जास्त आणि २७ वर कमी आला तर अँटेना आखूड आहे, उलट आला तर लांब. दीडच्या आसपास आला की पुरे. अँटेना न जोडता बोलण्याचं बटण दाबलं तर संचाचा शेवटचा ट्रान्झिस्टर जाऊ शकतो, हे क्लीनरला पहिल्याच दिवशी सांगून ठेवावं.

इतका खटाटोप कशाला, प्रत्येकाच्या खिशात फोन आहे, हा आक्षेप खरा वजनदार. पण फोन लागतो तो ओळखीच्या नंबरावर. मागून येणाऱ्या अनोळखी गाडीचा नंबर कुणाकडे असतो? महामार्गाच्या १०३३ या मदत क्रमांकावर कळवलं तर क्रेन येईल, मालकाला कळवलं तर मिस्त्री येईल. तीन किलोमीटर मागच्या ड्रायव्हरला मात्र काहीच कळलेलं नसतं. नकाशाचं ॲप पुढची कोंडी लाल रेघेनं दाखवतं आणि दिवसा ते फार उपयोगी आहे, हे मान्यच. पण ती रेघ उमटायला आधी गाड्या खोळंबाव्या लागतात. हिरियूरच्या माळावर रात्री दोन वाजता एकटा उभा ट्रक कोंडी करत नाही, म्हणून तो नकाशावरही येत नाही. सीबी उघड्या माळावर अँटेना नीट असेल तर पाच-सात किलोमीटर पोचतो, शहरात एक-दोनवर येतो. निपाणीजवळच्या तवंदी घाटात डोंगर आडवे आले की तिथेही भरवसा कमीच. ब्रेक फेल झालेली गाडी रेडिओनं थांबत नाही. कात्रजकडून नवले पुलाच्या उतारावर जे अपघात होतात, त्यांत चिरडल्या जाणाऱ्या मोटारींत सीबी कधीच नसणार. तिथे उपाय रस्त्याच्या उताराचाच करावा लागेल.

ऐकायला दुसरं कुणी नसेल तर रेडिओ लोखंडाचा तुकडा, हा दुसरा आक्षेप मला पहिल्यापेक्षा खरा वाटतो. म्हणून एकट्या मालकानं एका गाडीत संच बसवण्यात अर्थ नाही. सुरुवात एकत्र चालणाऱ्या गाड्यांपासून व्हावी. तिरुवन्नामलै जिल्ह्यातून निघालेली महाविष्णूची प्रचंड एकसंध मूर्ती २४० चाकांच्या ट्रेलरवरून २०१९ मध्ये बंगळुरूच्या ईजीपुऱ्यात आली. महाराष्ट्रातून निघालेलं अवकाश संशोधनाचं सत्तर टनी यंत्र वर्षभर रस्ता कापत जुलै २०२० मध्ये तिरुअनंतपुरमला पोचलं. अशा अवजड मालाबरोबर पुढे-मागे गाड्या असतात, त्यांचं आपसांतलं बोलणं दर मिनिटाचं असतं, आणि ते एकाच वेळी सगळ्यांनी ऐकायचं असतं. फोनवर ते जमत नाही. यशवंतपूरच्या बाजार समितीतून रात्री एकाच दिशेला सुटणाऱ्या पाच-सहा गाड्या ही पुढची पायरी. ट्रान्स्पोर्टवाल्यांच्या संघटनेनं एकच चॅनेल ठरवला की निम्मं काम झालं. अमेरिकेत १९ वा ट्रकवाल्यांचा आणि ९ वा अडचणीच्या हाकेचा. हे दोन्ही आपल्या पट्ट्यात बसतात, तेव्हा नवे आकडे शोधायची गरज नाही.

राहिला वाहन कायदा. २०१९ च्या दुरुस्तीनं गाडी चालवताना हातात धरायचं संपर्क साधन वापरणं धोकादायक चालवण्यात धरलं. पहिल्या वेळी एक ते पाच हजार दंड, तुरुंगाचीही तरतूद. माइक त्यात बसतो असा अर्थ एखादा पोलिस लावू शकेल आणि त्याचं फार चुकणारही नाही. तेव्हा माइक क्लीनरच्या बाजूला टांगावा, बोलावं त्यानंच. क्लीनर न ठेवता एकट्यानं गाडी हाकणाऱ्यानं चालत्या गाडीत फक्त ऐकावं, बोलायचं ते गाडी कडेला घेऊन. अडलेला ट्रक तसाही उभाच असतो. भाषेची काळजी मला वाटत नाही: किलोमीटरचा दगड, डावी लेन की उजवी, गाडी उभी, एवढं कन्नड, मराठी, तमिळ कुठल्याही ड्रायव्हरला मोडक्या हिंदीत कळतं. काळजी दुसरीच आहे. हा चॅनेल कुणीही ऐकू शकतो, त्यात माल लुटणारेही आले. गाडीत काय भरलं आहे आणि रात्री कुठल्या ढाब्यावर मुक्काम आहे, हे त्यावर बोलायचं नाही.