सशाचा आगगाडींतील प्रवास

गेल्या उन्हाळ्याच्या सुटींत आमच्या एका विद्यार्थ्याचा पाळीव ससा दुपारच्या आगगाडींत मरण पावला. "तो तर अगदीं निमूट बसला होता," असें तो मुलगा रडत रडत सांगे. चूक होते ती येथेंच. दुसऱ्या प्राण्यांचें भक्ष्य असल्यामुळें भीति व दुखणें लपविणें हा सशाचा स्वभावच आहे.

सशास आपल्यासारखा घाम येत नाहीं. अंगांतील उष्णता तो मुख्यत्वें लांब कानांवाटें बाहेर टाकतो. म्हणून ३० अंश सेंटिग्रेडवरील उष्मा त्यास घातक ठरूं शकतो. प्रवास रात्रीं अथवा पहाटे करावा. कान तापून श्वास जलद चालूं लागल्यास ओल्या फडक्यानें कान पुसावे.

पेटी भक्कम व हवेशीर असावी. तळाशीं गोणपाट अंथरावें. कारण घाबरून सशानें जोरानें लाथ झाडली, तर त्याचा नाजूक कणा मोडूं शकतो. वाळलें गवत व पाणी सदैव जवळ असावें. त्याचें आंतडें सतत चालतें राहिलें पाहिजे. १२ तास कांहींच न खाल्ल्यास प्राणावर बेततें.

आगगाडी व मोटार यांचे नियम निरनिराळे असतात. ते निघण्यापूर्वीं कचेरींत विचारून घ्यावे.

परंतु सर्वांआधीं हें पाहावें कीं, हा प्रवास सशास खरोखर आवश्यक आहे काय? चार दिवसांचेंच जाणें असेल, तर त्यास घरींच, ओळखीच्या जागीं, विश्वासू शेजाऱ्याच्या हवालीं करावें. मुक्या जीवावरील खरी ममता ती हीच, असें आम्हांस वाटतें.