डोळा दुखत नाही, म्हणजे बरा आहे?

डोळा लाल झाला की माणूस त्याच दिवशी औषध शोधायला निघतो. दिसायला कमी लागलं, तर मात्र वर्ष-दीड वर्ष ‘वयाचंच आहे’ म्हणून ढकलतो. शिरवळ भागात हा उलटा हिशेब जरा जास्तच महाग पडतो, कारण इथे डोळ्याला इजा व्हायला निमित्तं भरपूर: नीरेकाठचा ऊस, कारखान्यांतलं वेल्डिंग आणि ग्राइंडिंग, हायवेची धूळ. डॉक्टर लांब आहेत म्हणावं, तर तसंही नाही. पुणं पन्नासेक किलोमीटरवर आहे आणि खंबाटकीचा घाट ओलांडला की साताऱ्याचं जिल्हा रुग्णालय. अडचण अंतराची कमी आणि समजुतींची जास्त आहे.

सगळ्यात जुनी आणि चिवट समजूत मोतीबिंदूची: ‘अजून पिकला न्हाई, पिकू दे की.’ ही समजूत अडाणीपणातून आलेली नाही, एकेकाळी ती शहाणपणाची होती. पूर्वी डोळ्याला मोठी चीर देऊन धुरकटलेलं नैसर्गिक भिंग काढून टाकत, टाके घालत आणि त्या जागी काहीच बसवत नसत. मग पेशंटला आयुष्यभर जाडजूड काचांचा चष्मा लागे, कडेचं धड दिसत नसे, पायरी हुके. अर्धवट मोतीबिंदू असलेल्या माणसाला ऑपरेशनआधीच बरं दिसायचं. त्यामुळे पूर्ण दिसेनासं होईपर्यंत थांबा, असं डॉक्टरच सांगत.

ते दिवस गेले. १९४९ साली लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात हॅरल्ड रिडली यांनी पहिल्यांदा डोळ्याच्या आत कृत्रिम भिंग बसवलं. महायुद्धातल्या वैमानिकांच्या डोळ्यांत विमानाच्या प्लॅस्टिक काचेचे तुकडे घुसूनही ते डोळे सुजत नव्हते, यावरून त्यांना ती कल्पना सुचली होती. १९६७ मध्ये अमेरिकेत चार्ल्स केलमन यांनी ध्वनिलहरींनी भिंगाचा चुरा करून तो बारीक छिद्रातून शोषून काढायची रीत आणली. तीही त्यांना दाताच्या डॉक्टरकडे, दात साफ करणाऱ्या यंत्रावरून सुचली. आज बहुतेक ठिकाणी या दोन शोधांच्या जोरावर ऑपरेशन होतं. लोक त्याला ‘लेझरनं काढला’ म्हणतात, पण चुरा करून शोषण्याच्या या नेहमीच्या ऑपरेशनमध्ये (‘फेको’) लेझर नसतो. बिनटाक्याचं, हातानं भिंग काढण्याचं ऑपरेशनही आपल्याकडे सर्रास होतं आणि चांगल्या हातात त्याचा निकालही उत्तम लागतो.

आता पिकू द्यायला तो काही झाडावरचा आंबा नव्हे. उलट जितका पिकतो तितका कडक होतो, फोडायला जास्त जोर लागतो आणि बुबुळाला त्रास होण्याचा धोका वाढतो. फारच पिकलेला मोतीबिंदू फुगतो किंवा त्यातला द्राव झिरपतो. मग डोळ्यातला दाब चढतो, डोळा लालभडक होऊन असह्य दुखतो आणि तेव्हा घाईघाईत कराव्या लागणाऱ्या ऑपरेशननंतर नजर परत येईलच असं नसतं. ऑपरेशन कधी करायचं याचं उत्तर रोजच्या कामातच सापडतं. एसटीची पाटी वाचता येत नाही, रात्री समोरून येणाऱ्या गाडीचा प्रकाश फुटून पसरतो, तांदूळ निवडताना खडा दिसत नाही, असं होऊ लागलं की तपासायचं.

एक गंमत इथे सांगायला हवी, कारण तिने पुष्कळ घरं फसतात. साठी-पासष्टीच्या आजींना एक दिवस चष्म्याशिवाय पोथी वाचता येऊ लागते. घरात कौतुक होतं, ‘आजीची नजर परत आली’ म्हणून. बऱ्याचदा हा मोतीबिंदूच असतो. भिंगाचा गाभा घट्ट होताना डोळ्याचा नंबर उणेकडे सरकतो, जवळचं काही महिने स्वच्छ दिसतं, आणि लांबचं अंधुक होत जातं. चष्म्याचा नंबर सारखा बदलू लागला, तरी हाच संशय धरावा.

‘ऑपरेशन थंडीतच’ हाही नियम तसाच जुन्या काळचा. दिवाळीनंतर शेतीची कामं जरा हलकी होतात आणि शिबिरंही लागतात, म्हणून तो टिकला. जखम बारीक असल्याने ऋतूचा तसा संबंध उरलेला नाही. स्वच्छता, डोळा न चोळणं आणि थेंब वेळेवर घालणं याला महत्त्व आहे. मोतीबिंदू विरघळवणारे थेंब मात्र अस्तित्वात नाहीत, जाहिरात काहीही म्हणो. आणि ‘ऑपरेशन केलं तरी परत आला’ म्हणतात ते काय असतं? कृत्रिम भिंग ज्या पातळ पिशवीत बसवतात, तिची मागची बाजू काही जणांत पुढे धूसर होते. ती लेझरने काही मिनिटांत, दवाखान्यात बसल्या बसल्या मोकळी करतात. ‘लेझर’ शब्द गावात आला तो बहुधा इथूनच.

२०१५ ते २०१९ या काळात झालेल्या राष्ट्रीय अंधत्व सर्वेक्षणात पन्नाशीपुढच्या लोकांतल्या ६६.२ टक्के अंधत्वाचं कारण मोतीबिंदू निघालं, तेही उपाय हाताशी असताना. १९७६ पासून देशात अंधत्व नियंत्रणाचा सरकारी कार्यक्रम चालू आहे आणि सरकारी रुग्णालयांत हे ऑपरेशन मोफत होतं. पूर्वी जे. जे. रुग्णालयात असलेल्या डॉ. तात्याराव लहाने यांच्यासारख्या माणसांनी शिबिरं घेऊन महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतली याची भीती बरीच घालवली. तरीही ‘पिकू दे’ शिल्लक आहेच.

मोतीबिंदूत उशीर झाला तरी बहुतेकांची नजर परत येते. काचबिंदूत गेलेली नजर येत नाही, आणि हा फरक फार कमी लोकांना ठाऊक असतो. काचबिंदूत डोळ्यातून मेंदूकडे जाणारी नस हळूहळू सुकते, बहुधा डोळ्यातला दाब वाढल्यामुळे. नेहमीच्या प्रकारात डोळा दुखत नाही, लाल होत नाही आणि समोरचं शेवटपर्यंत स्वच्छ दिसत राहतं. कमी होत जातं ते कडेचं. मोटारसायकलवरून जाताना बाजूची गाडी ‘अचानक कुठून आली’ असं वाटू लागतं, तोवर बरीच नस गेलेली असते. थेंब चालू केले की पुढचं नुकसान रोखता येतं, मागचं भरून येत नाही. म्हणूनच लोक बाटली संपली की थेंब बंद करतात: फरक तर काही जाणवत नाही! थेंबाचं काम नजर वाढवणं नसतंच. आई-वडिलांपैकी कुणाला काचबिंदू असेल, तर चाळिशीच्या चष्म्याला जाल तेव्हा दाब आणि नस दोन्ही तपासून घ्यावं. रस्त्यावरच्या गाडीवरून तयार चष्मा घेतला तर वाचता येईल, पण ही तपासणी बुडते. त्या चष्म्याचा खरा तोटा तोच.

काचबिंदूचा एक प्रकार मात्र गाजावाजा करत येतो. एका डोळ्यात आणि त्याच बाजूच्या डोक्यात भयंकर कळ, उलट्या, दिव्याभोवती रंगीत वलयं, नजर धुरकट. हे पित्त समजून लिंबू-सरबत पीत रात्र काढली, तर सकाळपर्यंत डोळा जाऊ शकतो. लगेच रुग्णालय गाठायचं.

आता लाल डोळा. जुलै २०२३ मध्ये आळंदीत डोळ्यांची साथ आली आणि पुढे राज्यभर पसरली, ते सगळ्यांना आठवत असेल. तेव्हा जो तो काळा गॉगल लावून फिरत होता, आपल्याकडे पाहून दुसऱ्याला लागण होऊ नये म्हणून. नुसतं पाहून डोळे येत नाहीत. ती लागण हात, टॉवेल, उशी, रुमाल यांच्यावाटे होते. गॉगलने उजेडाचा त्रास कमी होतो इतकंच. आणि विषाणूमुळे आलेले डोळे बहुतेक वेळा आठवडा-दोन आठवड्यांत आपले आपण जातात. इथे खरोखर थोडं थांबता येतं: हात धुवायचे, टॉवेल वेगळा ठेवायचा, थंड पाण्याच्या घड्या ठेवायच्या. पण उजेड सहन होत नसेल, नजर कमी झाली असेल, जोराची कळ असेल, तुम्ही कॉन्टॅक्ट लेन्स लावत असाल किंवा बाळ तान्हं असेल, तर साथ आहे म्हणून गप्प बसू नये.

नेमकं इथेच लोक घाई करतात आणि ‘मागच्या वेळी गुण आला होता’ म्हणत मेडिकलमधून तेच थेंब आणतात. त्यातल्या पुष्कळ थेंबांत स्टेरॉइड असतं. लाली झटपट उतरते, म्हणून ते औषध फार गुणी वाटतं. महिनोन्‌महिने घातलं, तर डोळ्यातला दाब वाढून काचबिंदू होऊ शकतो, तरुणपणीच मोतीबिंदू धरू शकतो. आणि बुबुळावर बुरशीची जखम असेल, तर तेच औषध बुरशीला मोकळं रान देतं. उघडलेली बाटली महिन्याभरात टाकून द्यायची असते, हेही आपण पाळत नाही. शेजाऱ्याची बाटली तर नकोच.

बुरशीची जखम ही ऊसवाल्यांची खास गोष्ट. उसाच्या पातीची कड करवतीसारखी असते. ती डोळ्याला घासून गेली की त्या वेळी जरा झोंबतं, पाणी येतं आणि माणूस पुन्हा कामाला लागतो. दोन-चार दिवसांनी टोचायला लागतं आणि काळ्या बुबुळावर पांढरा ठिपका दिसतो. तोवर घरात मध, एरंडेल, तूप, कोथिंबिरीचा रस, बाळंतिणीचं दूध असं काय काय घालून झालेलं असतं. यातलं काहीच निर्जंतुक नसतं. जखम बुरशीची असेल, तर योग्य थेंब सुरुवातीला तासातासाने घालावे लागतात आणि उपचार आठवडे चालतो. उशीर झाला की डोळ्यात फूल पडतं, म्हणजे पांढरा डाग कायमचा राहतो. मग आशा उरते ती कुणी मरणोत्तर दिलेल्या डोळ्याच्या पारदर्शक पडद्याची. (तो मृत्यूनंतर सहा तासांच्या आत काढावा लागतो. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेल्या किंवा चष्मा असलेल्या माणसालाही नेत्रदान करता येतं.) पात, कुसळ, काडी लागली आणि दुसऱ्या दिवशीही टोचत असेल, तर थेट डोळ्याच्या डॉक्टरकडे.

कारखान्यातलं दुखणं वेगळ्या तऱ्हेचं. बिनकाचेचं वेल्डिंग पाहिलं की पाच-सहा तासांनी, बहुधा मध्यरात्री, डोळ्यांत वाळू भरल्यासारखी आग सुरू होते. माणूस घाबरतो, डोळ्यांवर बटाट्याच्या चकत्या ठेवतो. हे भाजणं साधारण दोन दिवसांत भरतं, डॉक्टरांच्या औषधाने त्रास कमी होतो. बधिर करणारे थेंब मात्र घरी नेऊन घालत राहू नयेत, जखम चिघळते. याउलट छिन्नी-हातोड्याने ठोकताना उडालेली लोखंडाची कपची डोळ्यात खोलवर घुसली, तरी फारसं दुखत नाही, दिसतंही ठीक. म्हणून कामगार शिफ्ट संपवून घरी जातो. आत राहिलेलं लोखंड गंजत डोळा खातं. ठोकताना काहीतरी ‘टच्’ लागलं, एवढ्यावरही एक्स-रे किंवा सीटी स्कॅन करून घ्यायला हवं. आगकाडीच्या टोकाने कण काढून देणारा अनुभवी मित्र प्रत्येक खात्यात असतो, त्याच्यापासून दूर राहावं.

आणि चुना. तंबाखूबरोबर मिळणारी चुन्याची पुडी किंवा ट्यूब मुलाच्या हाती लागते, तो ती दाबतो आणि पिचकारी डोळ्यात जाते. चुना डोळ्याला आतपर्यंत जाळत जातो. अशा वेळी गाडी काढण्याआधी नळाखाली डोळा उघडा धरून किमान पंधरा-वीस मिनिटं पाणी ओतत राहायचं, पापणीखालचे कण निघतील तेवढे काढायचे, आणि मगच दवाखाना. लिंबू किंवा दही लावू नये. सिमेंटलाही हाच नियम.

मुलांबाबत दोनच गोष्टी. तिरळा डोळा ‘भाग्याचा’ मानून किंवा ‘मोठेपणी सरळ होईल’ म्हणून सोडला, तर मेंदू त्या डोळ्याकडून पाहणंच सोडून देतो. सात-आठ वर्षांच्या आत उपचार झाला तर तो डोळा वाचायची शक्यता सर्वांत जास्त. आणि फोटोत किंवा अंधारात मुलाच्या डोळ्यातली बाहुली मांजरासारखी पांढरी चमकली, तर त्याच आठवड्यात दाखवायचं. तो डोळ्यातला कर्करोग असू शकतो. बाकी चष्म्याने नंबर वाढत नाही, गाजराने उतरत नाही. रांजणवाडीला गरम शेक पुरतो. वारंवार येत असेल, तर साखर तपासावी.

साखरेचा विषय निघालाच आहे. मधुमेहाने डोळ्याच्या मागच्या पडद्यावर रक्तवाहिन्या झिरपतात, तेव्हाही सुरुवातीला नजर उत्तम असते. साखर ‘कंट्रोलमध्ये’ असली तरी वर्षातून एकदा पडदा तपासून घ्यावा. डोळ्यासमोर अचानक काळे ठिपके तरंगू लागले, वीज चमकल्यासारखं झालं किंवा कडेने पडदा ओढल्यासारखं वाटलं, तर साखर असो-नसो, त्याच दिवशी जावं. तपासणीसाठी बाहुली मोठी करायचे थेंब घालतात. त्यानंतर तीन-चार तास जवळचं धूसर दिसतं आणि उजेड डोळ्यावर येतो. म्हणून पुण्याला मोटारसायकलवर एकटं जाऊ नये. कुणाला तरी सोबत घ्यावं, किंवा सरळ एसटी धरावी.