पेढीची दुसरी वाट

१८ डिसेंबर २०१७ ची पहाट. मुंबईत साकीनाक्याच्या खैरानी रोडवरील फरसाणाच्या एका दुकानाला आग लागली आणि १२ कामगारांचा अंत झाला. ते आत झोपलेले होते. ही घटना मोठ्या कारखान्यातील नव्हे. आपल्यासारख्याच छोट्या व्यवसायातील आहे.

लहान पेढीला जागा नेहमीच अपुरी पडते. दुकान, गोदाम आणि कामगारांचे बिऱ्हाड एकाच छपराखाली नांदते. मागच्या दाराशी मालाची थप्पी लागते, पोटमाळ्यावर अंथरुणे पसरतात आणि कित्येक ठिकाणी रात्री शटरला बाहेरून कुलूप पडते. चोरापासून माल राखणारे तेच कुलूप आगीच्या वेळी माणसांना कोंडते. शिवाय ज्वाळेआधी धूर पोहोचतो. झोपलेल्याला तो जागही येऊ देत नाही.

म्हणून मालाच्या खोलीत कोणालाही झोपू देऊ नये. दुसरी वाट सदैव मोकळी ठेवावी. दुकान वाढवताना गॅस आणि विजेचा मुख्य स्विच बंद करावा. अग्निशामक नळकांड्याचा काटा हिरव्या पट्ट्यात आहे ना, हे दरमहा पाहावे.

वहीत मालाची नोंद पैशापैशाने होते. तो माल उचलणाऱ्या माणसांचे प्राणही मालकाच्याच नावे लिहिलेले असतात.