गोनाबादच्या पोटातले चौसष्ट किलोमीटर

लोकसंख्येच्या तक्त्यात गोनाबाद पटकन सापडत नाही. इराणच्या रजवी खोरासान प्रांतातलं, मशहदपासून दक्षिणेला सुमारे पावणेतीनशे किलोमीटरवर असलेलं हे फारसीभाषक जिल्ह्याचं ठिकाण. २००६च्या जनगणनेत माणसं ३४ हजारांच्या वर, २०१६मध्ये ४० हजारांच्या थोडी वर. पाऊस वर्षाकाठी जेमतेम दीडशे मिलिमीटर. एवढ्या पावसावर ४० हजार माणसं, डाळिंबाच्या बागा आणि केशराची शेतं कशी जगतात, याचं उत्तर जमिनीखाली आहे.

गोनाबादच्या कसबे कनातीला युनेस्कोने २०१६ साली जागतिक वारशात घेतलं. कनात म्हणजे डोंगरपायथ्याचं भूजल निव्वळ उतारावरून गावापर्यंत आणणारा बोगदा. पंप नाही, मोट नाही. या कनातीची लांबी ३३ हजार ११३ मीटर, तिच्यावर विहिरी ४२७, आणि सगळ्यात वरची ‘मादर चाह’, म्हणजे आईविहीर, ३०० मीटरपेक्षा खोल. वय सुमारे अडीच हजार वर्षं. एक पिढी पंचवीस वर्षांची धरली, तर शंभर पिढ्यांनी हे पाणी वापरलं.

आता थोडा ढोबळ हिशेब करू. आईविहीर ३०० मीटर, गावाजवळची विहीर नाममात्र; मधल्या विहिरी एकसारख्या उथळ होत गेल्या असं मानलं, तर सरासरी खोली १५० मीटर. तिला ४२७ने गुणा. ६४ किलोमीटर! म्हणजे पाणी वाहतं त्या बोगद्याच्या जवळजवळ दुप्पट खोदकाम उभं आहे, आणि ते केवळ आत हवा जावी, माती बाहेर यावी आणि दुरुस्तीला उतरता यावं एवढ्यासाठी. सरासरी दर ७७ मीटरवर एक विहीर. आईविहिरीच्या तोंडावर तीन मीटर घेराचा लाकडी रहाट ठेवला, तर मातीची एक चामडी पोतडी वर आणायला त्याचे शंभर फेरे लागतील. रिकामी पोतडी खाली सोडायला आणखी शंभर.

मला खोलीपेक्षाही उताराचं नवल वाटतं. कनातीचा उतार साधारणपणे हजार मीटरला एक मीटर किंवा त्याहून कमी ठेवतात. जास्त झाला तर पाणी बोगद्याचा तळ खरवडून काढतं, फारच कमी झाला तर गाळ साचतो. हे मोजमाप मुकन्नी, म्हणजे कनात खोदणारे कारागीर, अंधारात वाकून करत. दिशा धरायला मागे दोन दिवे एका रेषेत ठेवायचे. पुढून पाहताना ते एकावर एक दिसले की दिशा बरोबर.

अकराव्या शतकातला प्रवासी नासिर खुस्रो याने गोनाबादच्या कनातीची लांबी चार फरसंग आणि विहिरीची खोली सातशे गज अशी नोंदवली. खोली ऐकीव आणि फुगलेली वाटते, पण चार फरसंग म्हणजे चोवीसेक किलोमीटर. हा आकडा फारसा दूरचा नाही.

पाणी बाहेर आलं की वाटणी. मोठ्या भांड्यातल्या पाण्यावर तळाला बारीक छिद्र असलेली वाटी सोडायची. ती भरून बुडाली की एक माप संपलं. आपल्या लग्नातलं घटिकापात्र अगदी याच रीतीने चालतं. तिथे या वाटीवरून शेतकऱ्याची पाळी ठरायची.

भूमिगत पाणीवाटांची ही परंपरा दख्खनलाही नवी नाही. मलिक अंबरने सतराव्या शतकाच्या सुरुवातीला खडकीला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, नहर-ए-अंबरीने असंच उतारावरून पाणी आणलं.

कनात जमिनीतून झिरपतं तेवढंच घेते. विजेचा पंप भूजलाची पातळीच खाली ओढतो. मग बोगदा कोरडा पडतो. इराणमध्ये अशा कितीतरी कनाती गेल्या. तिथल्या परंपरेत मात्र कनातीभोवती ‘हरीम’ राखतात. त्या पट्ट्यात दुसऱ्याने विहीर खणायची नाही. महाराष्ट्रातही १९९३च्या भूजल कायद्याने सार्वजनिक पेयजल स्रोतापासून ५०० मीटरच्या आत नवी विहीर खणायला बंदी घातली होती. तुमच्या गावच्या पाण्याच्या विहिरीभोवती ५०० मीटरच्या आत किती बोअर आहेत, ते एकदा मोजून ग्रामसभेत मांडा.