तारीख चुकली तर हक्क बुडतो!

बदनापूरच्या बसस्टँडवर ओळखीचे लोक विचारतात, "काय भाऊ, कोर्टात साहेब झालात म्हणे?" मला हसू येते. मी न्यायालयाचा नोकर नाही. जालन्यातील एका वकिलांच्या कार्यालयात मी कारकून आहे. जुनी माणसे या कामाला ‘मुन्शी’ म्हणतात. बी.कॉम. झाल्यावर बँकेची नोकरी मिळेल अशी घरच्यांची आशा होती. ती मिळाली नाही, आणि हिशेबाच्या वह्यांऐवजी तारखांच्या वह्या हाती आल्या.

हे काम नेमके काय असते, ते आपल्या वाचकांना सांगितले पाहिजे. कारण जमिनीची वाटणी, पोटगी, अपघाताची भरपाई, मजुरी यांपैकी कोणत्या ना कोणत्या कारणाने आपल्या घरांना कोर्टाची पायरी चढावीच लागते.

सकाळी बसने जालन्याला गेलो की पहिले काम म्हणजे त्या दिवशीचा बोर्ड पाहणे. कोणते प्रकरण कोणत्या न्यायाधीशांपुढे, कितव्या नंबरवर आहे, ते लिहून त्या फाईली वकीलसाहेबांच्या टेबलावर लावायच्या. नवा दावा दाखल करायचा असेल, तर दावा अर्ज, प्रतिज्ञापत्र, कागदपत्रांची यादी, वकीलपत्र, कोर्ट फीचा स्टॅम्प आणि जितके प्रतिवादी तितक्या प्रती हे सारे क्रमाने लावून, पानांवर नंबर टाकून द्यावे लागते. छाननीत एक सही राहिलेली आढळली तरी कागद परत येतो. दावा नोंदला गेला की समन्सची फी भरायची आणि बेलिफाने समन्स बजावले की नाही याचा पाठपुरावा करायचा.

संध्याकाळी सर्वांत महत्त्वाचे काम असते. रोजनामा पाहून प्रत्येक प्रकरणाची पुढची तारीख आणि ती कशासाठी आहे, हे डायरीत लिहायचे. तारीख साक्षीसाठी आहे, कैफियतीसाठी आहे की युक्तिवादासाठी, हे लिहिले नाही तर नुसत्या तारखेचा उपयोग नाही.

माझ्या सुरुवातीच्या दिवसांतील एक चूक मी आजही विसरलो नाही. बदनापूरजवळच्या एका खेड्यातील विधवा मावशींचा जमिनीच्या वाटणीचा दावा होता. तारीख होती 13, माझ्या डायरीत मी 16 लिहिली. 13 तारखेला पुकारा झाला, आमच्याकडून कोणीच हजर नव्हते. दावा काढून टाकला गेला. 16 तारखेला मावशी कोर्टात येऊन उभ्या राहिल्या. "भाऊ, मी तं त्या दिवशी कापूस वेचाय गेले होते. तुम्हीच सोळा म्हणून सांगितलं ना?" एवढेच त्या म्हणाल्या. रागावल्या असत्या तर मला बरे वाटले असते.

गैरहजेरीमुळे निकाली निघालेला दावा परत सुरू करण्यासाठी 30 दिवसांत अर्ज करता येतो. वकीलसाहेबांनी माझी चूक प्रतिज्ञापत्रावर लिहून घेतली, अर्ज मुदतीत दाखल झाला आणि दावा पुन्हा बोर्डावर आला. पण मावशींच्या चार खेपा आणि चार दिवसांची मजुरी वाया गेली, ती मी भरून देऊ शकलो नाही. त्या दिवसापासून मी प्रत्येक तारीख आकड्यांत आणि अक्षरांत, अशी दोनदा लिहितो आणि पक्षकाराच्या हातातही चिठ्ठी देतो.

मुदतीचा हिशेब घरातील शिकलेल्या मुलामुलींनी समजून घ्यावा असा आहे. तो 1963 च्या मुदत कायद्यात दिला आहे. समजा, दिवाणी न्यायालयाचा निकाल 10 जूनला आपल्याविरुद्ध लागला. जिल्हा न्यायालयात अपील करायला 30 दिवस मिळतात. निकालाचा दिवस मोजायचा नाही, म्हणजे मुदत 10 जुलैपर्यंत. निकालाच्या नकलेसाठी 12 जूनला अर्ज केला आणि नक्कल 20 जूनला तयार झाली, तर ते 9 दिवस जास्तीचे मिळतात. मुदत 19 जुलै होते. मात्र तयार झालेली नक्कल आपण आळसाने आणली नाही, तर ते दिवस आपल्याच खाती पडतात. शेवटच्या दिवशी कोर्टाला सुटी असेल, तर कोर्ट उघडेल त्या दिवशी कागद दाखल करता येतो. उच्च न्यायालयात दिवाणी अपिलासाठी 90 दिवस असतात.

अपिलाला उशीर झाला, तर सबळ कारण दाखवून माफी मागता येते. पण मूळ दाव्याला ही सवलत नाही. हातउसने दिलेले पैसे वसूल करायचे असतील, तर साधारणपणे पैसे दिल्यापासून 3 वर्षांत दावा लावावा लागतो. "आज देतो, उद्या देतो" या शब्दावर विसंबून तीन वर्षे घालवलेली माणसे मी पाहिली आहेत.

तारखा किती वर्षे सांभाळाव्या लागतात, याचे उदाहरण आपल्याच इतिहासात आहे. चवदार तळ्याच्या सत्याग्रहाबद्दल आपण दरवर्षी ऐकतो. त्या तळ्यावरचा दावा 12 डिसेंबर 1927 रोजी महाडच्या न्यायालयात दाखल झाला. प्रतिवादींत स्वतः बाबासाहेब होते. दोनच दिवसांनी तात्पुरता मनाई हुकूम निघाला. महाडच्या न्यायालयाचा निकाल 1931 साली बाबासाहेबांच्या बाजूने लागला, ठाण्याच्या न्यायालयाने 1933 साली तो कायम केला आणि मुंबई उच्च न्यायालयाने 17 मार्च 1937 रोजी शेवटचा निकाल दिला. सव्वानऊ वर्षे! आंदोलन रस्त्यावर झाले, तसे ते कागदावरही लढावे लागले.

आमच्या धंद्यातील माणसांना मात्र पेन्शन नाही की फंड नाही. आंध्र प्रदेशात 1992 साली आणि केरळात 2003 साली वकिलांच्या कारकुनांसाठी कल्याण निधीचे कायदे झाले. महाराष्ट्रातील कारकुनांनाही तसा आधार मिळाला पाहिजे.

वाचकांना माझे सांगणे इतकेच. वकील केला म्हणजे आपली जबाबदारी संपली, असे समजू नका. घरात प्रकरणाची एक फाईल ठेवा. तिच्यात दाव्याची प्रत, वकीलपत्राची प्रत, पैशाच्या पावत्या आणि तारखांचा कागद असू द्या. प्रत्येक प्रकरणाला सी.एन.आर. नावाचा 16 अक्षर-अंकांचा क्रमांक असतो, तो मागून घ्या. ई-कोर्ट्सच्या मोबाईल ॲपवर तो टाकला की पुढची तारीख दिसते. दहावीतील मुलगीसुद्धा आईची तारीख पाहून सांगू शकते.

फी द्यायला पैसे नाहीत म्हणून गप्प बसू नका. 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणे महिला आणि अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तींना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळू शकतो. तालुका किंवा जिल्हा विधी सेवा कार्यालयात अर्ज करावा. 15100 हा त्यासाठीचा फोन क्रमांक आहे.

रविवारी आम्ही काही कार्यकर्ते वस्तीत लोकांचे कागद पाहत बसतो. परवा एक बाई प्लॅस्टिकच्या पिशवीत नोटीस घेऊन आल्या. नोटीस येऊन 22 दिवस झाले होते. पिठाच्या डब्यामागे ती पडून होती. हजर राहायची तारीख अजून आठ दिवसांवर होती, म्हणून निभावले. तुमच्या घरात असा एखादा कागद पडला असेल, तर आजच काढून त्यावरची तारीख वाचा.