नास्तिक पाहुणा, आस्तिक यजमान

देव मानणारा आणि न मानणारा समोरासमोर आले की वाद ठरलेलाच, असं आपण धरून चालतो. गांधीजी आणि ‘गोरा’ म्हणजेच गोपराजू रामचंद्र राव यांच्यातही तो झाला. पण तो तिथेच थांबला नाही.

तेलुगू ब्राह्मण घरात 1902 साली जन्मलेले गोरा वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक. उघड नास्तिकतेपायी त्यांना नोकरी गमवावी लागली. 1940 साली मुदुनूर गावात त्यांनी नास्तिक केंद्र काढलं. तिथलं मुख्य काम होतं अस्पृश्यता मोडण्याचं. पुढच्याच वर्षी त्यांनी गांधीजींची भेट मागितली, तेव्हा नकार आला. तुमच्या कामाला यश आलं असेल तर ते तळमळीमुळे, नास्तिकतेमुळे नव्हे, असं गांधीजींचं मत होतं.

अखेर 1944 मध्ये सेवाग्रामला भेट झाली. जातिभेदाला देवाधर्माचा आधार आहे, तो काढून घेतला की माणसं जवळ येतील, अशी गोरांची मांडणी. गांधीजींना ती पटली नाही. पण माणूस पटला. पुढे गोरा सहकुटुंब आश्रमात राहिले.

खरी कसोटी लागली लग्नात. गोरांनी थोरली मुलगी मनोरमा हिचं लग्न दलित तरुणाशी ठरवलं. ते सेवाग्रामला व्हावं, हे गांधीजींनी मान्य केलं. इतकंच नव्हे, तर विधीत ईश्वराच्या जागी सत्याचं नाव घ्यायलाही ते राजी झाले. लग्न पाहायला मात्र ते उरले नाहीत. त्यांच्या हत्येनंतर दीड महिन्यांनी, 13 मार्च 1948 रोजी, ठरल्याप्रमाणे आश्रमातच ते लागलं.

पुढच्या पिढीत गोरांचे चिरंजीव लवणम् भूदान पदयात्रेत गीताप्रवचनकार विनोबांचे तेलुगू दुभाषे झाले. तिथेही देवाचा प्रश्न सुटला नव्हता. भूमिहीनांना जमीन मिळावी, यावर एकमत होतं.

महाराष्ट्रातल्या जादूटोणाविरोधी कायद्याची वाटही अशीच निघाली. मसुद्यावर वारकऱ्यांनी आक्षेप घेतले, चर्चा झाल्या, बदल झाले. त्यासाठी झटणारे डॉ. नरेंद्र दाभोलकर यांच्या हत्येनंतर 2013 साली झालेल्या या कायद्यात यात्रा, प्रदक्षिणा, कीर्तन, भजन यांना हात लावलेला नाही. गुन्हा ठरतात ते नरबळी आणि अघोरी छळ. या गोष्टी थांबवायला ना आस्तिकाला देव सोडावा लागतो, ना नास्तिकाला तो मानावा लागतो.