भुंकण्यामागचं गाऱ्हाणं

सोसायटीच्या वार्षिक सभेत पार्किंग आणि पाणीगळतीवरून भांडून झालं, की पुढचा विषय हमखास कुणाच्या तरी कुत्र्याचा निघतो. "दिवसभर भुंकतं हो ते!" असं शेजारी म्हणतात. "कुत्रं आहे, भुंकणारच," असं मालक म्हणतात. (काही मालकांना तर 'कुत्रं' म्हटलेलंच खपत नाही. 'ब्रूनो' म्हणा, असं ते सुनावतात.) दोघांचंही खरं असतं. सभा आटोपते, भुंकणं चालूच राहतं.

कुत्र्याचा पूर्वज लांडगा. तोही भुंकतो, पण क्वचित, आणि बहुतेक वेळा धोक्याची सूचना द्यायला. कुत्रा मात्र खेळताना, घाबरल्यावर, कंटाळल्यावर, चेंडू हवा असला तरीही भुंकतो. माणसाच्या सहवासात राहूनच हे भुंकणं वाढलं, असं अनेक अभ्यासकांचं मत आहे. बुडापेस्टच्या ओटवोश लोरांद विद्यापीठातल्या संशोधकांनी मुदी या हंगेरियन मेंढपाळ कुत्र्यांचं भुंकणं वेगवेगळ्या प्रसंगी ध्वनिमुद्रित केलं आणि लोकांना नुसतं ऐकवलं. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात ज्यांनी कधी कुत्रा पाळलेला नव्हता, त्यांनाही कुठला आवाज कुठल्या प्रसंगाचा हे बऱ्यापैकी ओळखता आलं. खालच्या पट्टीतलं, खरखरीत, धडाधड भुंकणं रागाचं वाटलं. उंच पट्टीतलं, थांबून थांबून आलेलं भुंकणं भीतीचं किंवा एकटेपणाचं वाटलं.

म्हणजे भुंकणं कमी करायचं, तर आधी ते कशासाठी आहे हे कळायला हवं. आठवडाभर एका वहीत टिपलं तरी पुष्कळ उलगडतं: किती वाजता, कुठे उभा राहून, कुणाला पाहून, आणि त्यानंतर घरातल्यांनी काय केलं. शेवटचा रकाना सगळ्यात बोलका निघतो.

दारावरची बेल घ्या. कुरिअरवाला बेल वाजवतो, कुत्रा भुंकत दारावर धावतो, कुरिअरवाला पाकीट देऊन निघून जातो. कुत्र्याच्या हिशेबात तो माणूस आपल्या भुंकण्यामुळे पळाला. असा विजय रोज मिळत असेल, तर भुंकणं तो कशाला सोडेल? त्यात घरातले "गप्प बस, गप्प बस" म्हणून ओरडतात, त्यामुळे गोंधळात भरच पडते. मग आजोबा बिस्किट पुढे करतात. कुत्रा क्षणभर थांबतो आणि भुंकलं की बिस्किट मिळतं, एवढं पक्कं शिकतो.

यावरचा उपाय साधा आहे, पण चिकाटीचा आहे. बेलचा आवाज मोबाइलवर रेकॉर्ड करायचा आणि घरात शांतता असताना अगदी हळू वाजवायचा. कुत्र्याने कान टवकारले, पण तोंड उघडलं नाही, त्याच क्षणी उकडलेल्या चिकनचा किंवा पनीरचा बारीक तुकडा द्यायचा, आणि तोही दारापासून लांब, त्याच्या सतरंजीवर. हे जमलं की आवाज थोडा वाढवायचा. भुंकला तर आपण घाई केली असं समजून पुन्हा कमी करायचा. नंतर घरातल्याच कुणीतरी बाहेर जाऊन खरी बेल वाजवायची, मग शेजाऱ्यांना विनंती करायची. दिवसातून दोनदा पाच-पाच मिनिटं पुरतात, पण काही आठवडे जातात. बेल वाजली की सतरंजीवर जायचं, ही सवय एकदा लागली की दाराशी धाव घेणं आपोआप कमी होतं. अट एकच, घरातल्या सगळ्यांनी एकच नियम पाळायचा, आजोबांनीसुद्धा.

लक्ष वेधून घेण्यासाठी जो भुंकतो, त्याच्याकडे साफ दुर्लक्ष करायचं आणि तो गप्प झाला की कौतुक करायचं. यात एक खोच आहे. दुर्लक्ष सुरू केल्यावर भुंकणं आधी वाढतं. नेमकं तेव्हाच घरातलं कुणी वैतागून चेंडू फेकतं, आणि जास्त वेळ भुंकलं की चेंडू मिळतो, हे तो शिकतो.

घरी कुणी नसताना भुंकणाऱ्याची गोष्ट वेगळी. मालकाला ते कधी ऐकूच येत नाही, म्हणून शेजारी खोटं बोलतात असं त्याला वाटतं. एक जुना फोन रेकॉर्डिंगला लावून जावं. दार बंद होताच तो येरझारा घालतो, दार ओरबाडतो, लाळ गाळतो असं दिसलं, तर तो खोडकरपणा नव्हे, धास्ती आहे. अशा वेळी किल्ल्या उचलून पुन्हा खाली ठेवणं, लिफ्टपर्यंत जाऊन परत येणं, इथपासून सवय लावावी लागते. त्रास फार असेल, तर पशुवैद्य औषधंही देतात. नुसता कंटाळा असेल, तर सकाळच्या फेरीत त्याला झाडाझुडपांचा, खांबांचा मनसोक्त वास घेऊ द्यावा. पट्टा ओढत केलेल्या घाईच्या फेरीपेक्षा त्याने तो जास्त दमतो.

ऑनलाइन मिळणारी शॉक कॉलर घेऊ नये. भुंकल्यावर बसलेला झटका कुत्रा समोरच्या मुलाशी किंवा पाहुण्याशी जोडू शकतो, आणि भीती मुळात होती तिथेच राहते. वेल्समध्ये २०१० पासून या कॉलरवर बंदी आहे.

कायद्याचं म्हणाल, तर भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार भुंकण्याचं कारण देऊन सोसायटीला पाळीव कुत्र्यांवर बंदी घालता येत नाही. पण कुत्रा शांत ठेवण्याचा, विशेषतः रात्री, प्रयत्न मालकाने करावा, असंही त्याच सूचना सांगतात. शिवाय कायम बांधून ठेवलेल्या कुत्र्याला पुरेसं फिरवलं नाही, तर १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार तो गुन्हा ठरतो. दिवसभर गॅलरीत साखळीला बांधलेला ब्रूनो भुंकतोय, अशी तक्रार आली, तर मालकाने आधी स्वतःच्या वागण्याकडे पाहावं.

आणि आजवर शांत असलेला म्हातारा कुत्रा अचानक मध्यरात्री भुंकू लागला, तर आधी पशुवैद्याला दाखवा. सांधेदुखी, बहिरेपणा किंवा वयामुळे आलेला विसराळूपणा यांपैकी काही असू शकतं, आणि त्यावर ट्रेनरकडे उपाय नसतो.